बरोबरी आणि निकाल

खेळांतील हारजितीची चर्चा सर्वत्र होते. परंतु दोन्ही पक्ष तुल्यबळ ठरले तर काय करावें, हा प्रश्न अधिक अवघड आहे. हरणाऱ्याला न्याय मिळाला कीं नाहीं, याची कसोटी तेथेंच लागते.

सन १९६८ च्या जूनमध्यें नेपल्स येथें युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य सामन्यांत इटली व सोव्हिएट रशिया यांपैकीं कोणालाहि जादा वेळ खेळूनसुद्धां गोल करतां आला नाहीं. अखेर नाणें उडविलें गेलें. कौल इटलीकडे गेला आणि सोव्हिएट संघ मैदानावर न हरतां अंतिम सामन्यास मुकला! नाण्याला खेळाचें काय सोयरसुतक? १९७० सालीं नियमकर्त्यांनीं पेनल्टी किकची पद्धत स्वीकारली. तींत दैवाऐवजीं कौशल्य आलें खरें. पण अकरा जणांच्या खेळाचा भार एकेकट्याच्या माथीं पडूं लागला. १९९४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत त्याच इटलीला ब्राझीलकडून याच पद्धतीनें हार पत्करावी लागली.

क्रिकेटमध्यें याहून विलक्षण प्रकार घडला. १४ जुलै २०१९ रोजीं लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत इंग्लंड व न्यूझीलंड या दोघांच्याहि धांवा २४१ झाल्या. पुढें एकेक जादा षटक खेळविलें, त्यांतहि दोघांच्या पंधरा-पंधरा धांवा! तेव्हां चौकार-षटकार मोजले गेले. इंग्लंडचे २६ व न्यूझीलंडचे १७ भरले आणि चषक इंग्लंडला मिळाला. नियम आधींच ठरलेला असल्यामुळें फसवणूक कोणाचीच झाली नाहीं. तथापि पळून काढलेली धांव हलकी आणि सीमेपार गेलेल्या चेंडूची धांव भारी, असें क्रिकेट कोठेंहि सांगत नाहीं. त्याच वर्षीं तो नियम रद्द होऊन, उपांत्य व अंतिम सामन्यांत निकाल लागेपर्यंत जादा षटकें खेळवावीं असें ठरलें.

निकाल लावलाच पाहिजे असेंहि नाहीं. टोकियो येथें १ ऑगस्ट २०२१ रोजीं ऑलिंपिकच्या उंच उडींत कतारचा बर्शिम व इटलीचा तांबेरी हे २.३७ मीटरवर बरोबरींत राहिले. पुन्हां उडी मारण्याची मुभा असतांना दोघांनीं सुवर्णपदक वांटून घेतलें.

निर्णयाचा उपाय खेळाच्या अंगचाच असेल, तर हरलेला तो निमूटपणें मानतो. तसा उपाय सांपडत नसेल, तेथें बरोबरीला बरोबरी म्हणण्यांत कमीपणा कसला?