वेदनेचा बाजार आणि वृद्धांचे व्यसन



व्यसन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तरुण उभा राहतो. व्यसनमुक्तीची भित्तिपत्रके, पथनाट्ये, शिबिरे सारी त्यालाच उद्देशून असतात. अमेरिकेत गेली तीस वर्षे अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनाने जो हाहाकार माजविला, त्याची चर्चाही बहुतांशी अशीच झाली. या चर्चेत अंधारात राहिला तो साठी-सत्तरी ओलांडलेला माणूस. खाणीत पाठ मोडून घेतलेला कामगार, संधिवाताने जखडलेली गृहिणी, युद्धावरून परतलेला जुना सैनिक. त्यांना हे व्यसन गल्लीबोळातल्या चोरट्या विक्रेत्याने लावले नाही. डॉक्टरांच्या सहीने, औषधांच्या दुकानातून, आणि पुष्कळदा सरकारी विम्याच्या पैशाने ते त्यांच्या उशाशी येऊन बसले.

१९९६ साली पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन नावाची गोळी बाजारात आणली. तोवर अशी प्रखर औषधे मुख्यतः कर्करोगाच्या असह्य वेदना आणि शस्त्रक्रियेनंतरचे थोडे दिवस यांपुरती वापरली जात. परंतु कर्करोगी मोजके. पाठदुखी आणि सांधेदुखी मात्र प्रत्येक वृद्धाच्या घरी. नफ्याची नजर तिकडे वळली नसती तरच नवल. व्यसन लागण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी आहे, असे कंपनीचे प्रतिनिधी डॉक्टरांना सांगत हिंडले. या दाव्याला आधार कसला? १९८० साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या अवघ्या पाच वाक्यांच्या पत्राचा! ते पत्र रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांविषयी होते. घरी बसून वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्यात अवाक्षरही नव्हते. कंपनीने वृद्धांना हेतुपुरस्सर हेरले, असा आरोप मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१८ साली दाखल केलेल्या दाव्यात केला आहे.

२००७ साली पर्ड्यूच्या संलग्न कंपनीने आणि तिच्या तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. दंड झाला साठ कोटी डॉलरहून अधिक. तुरुंगात मात्र कोणीही गेले नाही. चिमूटभर हेरॉईनसाठी कृष्णवर्णीय तरुणांना वर्षानुवर्षे डांबणाऱ्या देशात हे घडले, एवढी नोंद पुरे.

वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाचे राज्य. तेथील मिंगो परगण्याचे नाव कामगार चळवळीच्या इतिहासात अपरिचित नाही. १९२० साली याच परगण्यातील मेटवान गावी खाणमालकांचे भाडोत्री बंदूकधारी आणि संघटित खाणकामगारांची बाजू घेणारे यांच्यात गोळीबार झाला होता. त्याच परगण्यात केर्मिट नावाचे सुमारे चारशे वस्तीचे खेडे आहे. तेथील एका औषधाच्या दुकानाला दोन वर्षांत जवळजवळ नव्वद लाख वेदनाशामक गोळ्या पुरविण्यात आल्या. घाऊक वितरकांच्या वह्यांत हे आकडे रोज उमटत होते. चारशे माणसांना इतक्या वेदना कोठून आल्या, हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. ज्या भूमीतील मजुरांच्या बापजाद्यांनी बंदुकांना तोंड दिले, तिचा प्रतिकार खाणी बंद पडून, संघटना खिळखिळी होऊन आधीच क्षीण झाला होता.

वृद्ध शरीरावर या औषधांचा आघात निराळा असतो. वयपरत्वे यकृत आणि मूत्रपिंडे मंदावतात. तीच मात्रा रक्तात अधिक काळ रेंगाळते. जोडीला झोपेच्या वा चिंतेवरच्या गोळ्या असल्या तर श्वासच मंदावतो. झोक जातो, माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि मग त्या दुखण्यावर पुन्हा तेच औषध. स्मरण जाते, बोलणे तुटक होते, भूक मरते. मुलांना वाटते, बाबांचे वय झाले. डॉक्टरही स्मृतिभ्रंश म्हणून मोकळे होतात. तरुणाचे व्यसन घरात भांडण म्हणून प्रकट होते; वृद्धाचे व्यसन म्हातारपणाच्या नावाखाली निमूटपणे खपून जाते. शिवाय लाज असतेच. आयुष्यभर घाम गाळून घर उभे करणाऱ्याने नातवंडांसमोर स्वतःला व्यसनी म्हणवून घ्यावे कसे?

पासष्टीनंतरच्या नागरिकांसाठी अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमायोजना आहे. २००६ पासून तिच्यात घरी घेण्याच्या औषधांचाही खर्च समाविष्ट झाला. २०१६ साली या औषधयोजनेतील दर तिघांपैकी एकाला अफूजन्य औषध लिहून दिले गेले होते. आणि त्या व्यसनावरील मेथाडोनचा उपचार? त्यासाठीच्या केंद्रांना मेडिकेअर पैसे देऊ लागली ती २०२० पासून! विकत घेण्यास पैसा होता, सोडविण्यास नव्हता. कंपन्यांच्या प्रभावाखाली चालणारे कल्याणकारी राज्य कसे असते, याचा याहून स्पष्ट नमुना शोधावा लागणार नाही.

अमेरिकेत मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू पासष्टीपुढील वयोगटात २००२ साली लाखामागे तीन होते. २०२१ साली ते बारा झाले. २०२२ ते २०२३ या वर्षात पंचावन्नच्या आतील प्रौढांतले प्रमाण घटले. पंचावन्नपुढचे मात्र वाढले. ज्या वृद्धांना स्वतः व्यसन नव्हते, त्यांतील अनेकांवर व्यसनात बुडालेल्या मुलांची मुले सांभाळण्याची वेळ आली. अशा आजीआजोबांच्या साहाय्यासाठी २०१८ साली कायदाच करावा लागला.

या साऱ्यावरून सरसकट बंदीची मागणी करणे मात्र आपल्याला परवडणारे नाही. आपली अवस्था नेमकी उलट आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते, आणि दशकानुदशके तिची परदेशी निर्यात होत आली. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातील जाचक तरतुदींमुळे देशातील रुग्णालयांतून मॉर्फिन जवळजवळ नाहीसे झाले. कर्करोगाने तळमळणारी आपली म्हातारी माणसे औषधावाचून गेली. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, पण कागदावरील दुरुस्ती खेड्यापर्यंत आपोआप पोचत नाही. नफेखोरी मात्र पोचते: टॅपेन्टाडोल या अफूवर्गीय औषधाचे एक घातक मिश्रण मुंबईतील एका कंपनीकडून पश्चिम आफ्रिकेत धाडले जात असल्याचे २०२५ साली उघडकीस आले, तेव्हा केंद्र सरकारने त्याचे उत्पादन व निर्यात थांबविली.

केरळने २००८ साली उपशामक उपचारांचे धोरण स्वीकारले. तेथे पंचायतीची परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या घरी जाते आणि त्याच्या दुखण्याची विचारपूस करते. औषध विकणाऱ्याचा तिच्याशी संबंध नसतो. महाराष्ट्रात ही व्यवस्था प्रत्येक तालुक्यात व्हावी, जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन असावे, आणि औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटी व मानधन जाहीर करण्याची सक्ती व्हावी, या तीन मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्याच्या शल्यचिकित्सकांकडे जावयाचे आहे.