केकची चव कढईत ठरते

रेडिओ केंद्राने आज मला चॉकलेट आणि पीनट बटरचा थरांचा केक घरी कसा करावा, यावर बोलायला सांगितलं आहे. हा केक मूळचा अमेरिकेतला. तिथल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, हर्शी गावी, हॅरी रीज यांनी १९२८ साली चॉकलेटच्या छोट्या वाट्यांमध्ये पीनट बटर भरून विकायला सुरुवात केली, आणि ही जोडी तिथे घरोघरी लाडकी झाली. भुईमूग आणि कोको, दोन्ही मुळात दक्षिण अमेरिकेचे. कोको अजूनही आपल्याला पाहुणा वाटतो. दाणे मात्र आपल्याकडे असे रुळले, की त्यांच्याशिवाय आपली खिचडी नाही आणि कोशिंबीरही नाही.

म्हणून मी सुरुवात दाण्यांपासून करणार आहे. या केकची चव कढईत ठरते. दाणे मनापासून भाजले, तर पुढचं सगळं सोपं आहे.

तीनशे ग्रॅम कच्चे दाणे घ्या. आधी निवडा. काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे सरळ टाकून द्या. यात काटकसर करू नका. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे टर्की पक्षी हजारोंनी मेले, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. तेव्हा दाणा कडू लागला, तर गिळू नका, थुंकून टाका. मुलांनाही हे शिकवा.

आता जाड बुडाची कढई, लोखंडी असेल तर उत्तमच. आच मंद. पुन्हा सांगते, आच मंद. मोठ्या आचेवर साल काळं पडतं आणि दाणा आत कच्चा राहतो. अशा दाण्याचं कूट आमटीत कसं लागतं, ते तुम्हाला माहीत आहे. सतत हलवत राहा. फोन आला तर वाजू द्या. पंधरा-वीस मिनिटांत सालं तडकू लागतात, वास बदलतो. तेव्हा एक दाणा सोलून त्याच्या दोन डाळी करा आणि आतला रंग बघा. पांढरा असेल तर अजून भाजा. फिकट बदामी दिसला की लगेच कढई उतरवा आणि दाणे परातीत पसरा. कढईतच ठेवलेत, तर तिच्या उष्णतेने ते पुढे भाजत राहतात आणि कडवट होतात.

गार झाले की चोळा आणि सुपात पाखडा. सूप नसेल तर ताटात घेऊन फुंकर मारा. हल्ली भाजलेल्या, सोललेल्या दाण्यांची पाकिटं सर्रास आणली जातात. त्यातले दाणे कधी भाजले होते, कोणास ठाऊक! तेलकट खवट वास चॉकलेटखाली झाकला जाईल, असं समजू नका. झाकला जात नाही. वीस मिनिटं घरात निघतात हो, काढली तर.

आता वाटण. मिक्सरमध्ये आधी कूट होतं. बहुतेक जण इथेच थांबतात. आणखी फिरवा, गोळा होतो. तरीही फिरवा, थांबून थांबून, भांडं तापू न देता, कडेचं खाली सारत. मग दाणा तेल सोडतो आणि वाटण सरसरीत होतं. दाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, त्यामुळे वरून तेल घालावं लागत नाही. सोलापूरला शेंगाचटणी उखळात कुटतात, तेव्हा तिला तेल सुटेपर्यंत कुटणारे हात थांबत नाहीत. तीच गोष्ट इथे. चिमूटभर मीठ घाला. पाणी मात्र थेंबभरही नको. पाण्याने वाटण घट्ट बसतं आणि टिकतही नाही. लक्षात ठेवा, दाण्यात पाणी नाही.

भाजण्याचं महत्त्व मी उगाच सांगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉक्टर जॉन हार्वे केलॉग शेंगदाण्याचं लोणी करत. ते शाकाहाराचे मोठे पुरस्कर्ते होते. पण ते दाणे उकडून घेत. पुढे जगाने पसंती दिली ती भाजलेल्या दाण्यांना.

आता केक. इथे मापं लिहून घ्या, आणि कृपा करून वजनकाटा वापरा. मैद्याची वाटी एकाने दाबून भरली, दुसऱ्याने अलगद, की दोघांचे केक वेगळे होणारच. मैदा २२० ग्रॅम, साखर ३००, कोको ६५. दीड छोटा चमचा खायचा सोडा, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ. हे सगळं दोनदा चाळा. दोन अंडी, २४० मिलिलिटर आंबट ताक आणि १२० मिलिलिटर तेल वेगळं फेटून त्यात मिसळा. शेवटी २४० मिलिलिटर उकळतं पाणी हळूहळू ओता. गरम पाण्याने कोकोचा वास फुलतो. मिश्रण पातळ दिसेल, घाबरून मैदा वाढवू नका. ताक आंबटच हवं, कारण सोड्याला आंबटपणा मिळाला की केक फुगतो.

आठ इंची दोन भांड्यांना तूप लावा, तळाशी कागद घाला आणि मिश्रण सारखं वाटून ओता. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये, १७५ अंशांवर, तीस ते पस्तीस मिनिटं. पहिली पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही. मधोमध खुपसलेली काडी स्वच्छ निघाली की झालं.

मग थांबायचं. गरम केकवर लोणी लावलं, तर ते वितळून थर घसरतात. मी विद्यार्थिनींना दरवर्षी हेच सांगते आणि दरवर्षी कोणीतरी घाई करतंच. केक पूर्ण गार होऊ द्या. शक्य असेल तर आदल्या दिवशी भाजून, गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. गार केक सुरीने सरळ कापला जातो, भुगा पडत नाही. दोन्ही केक आडवे कापा, चार थर मिळतील.

थरांमधलं सारण असं. ११५ ग्रॅम मऊ लोणी आधी एकटं फेटा, मग २५० ग्रॅम दाण्याचं लोणी, मग चाळलेली २०० ग्रॅम पिठीसाखर. घरचं वाटण सैल असतं, म्हणून सारण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग लावा. थरावर कडेपर्यंत पसरा, दुसरा थर ठेवा, हलकेच दाबा. सगळे थर रचून झाले की केक पुन्हा अर्धा तास फ्रिजमध्ये.

मला वेळ संपत आल्याची खूण झाली आहे, तेव्हा वरच्या चॉकलेटचं थोडक्यात सांगते. २०० ग्रॅम गडद चॉकलेट बारीक चिरा. १५० मिलिलिटर साय, म्हणजे डब्यातलं क्रीम, कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवून त्यावर ओता. दोन मिनिटं थांबा, मधून बाहेर ढवळत या. भांडं कोरडं हवं. कोमट झालं की केकवर ओता.

आणि हे सर्वांत महत्त्वाचं. काही जणांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. चॉकलेटखाली दाणे आहेत, हे बघून कळत नाही. वाढदिवसाला दुसऱ्यांची मुलं येतात, त्यांच्या आईवडिलांना आधी विचारा आणि मगच ताटली हातात द्या.