मुलांनाही संधिवात होतो



मुलांना घेऊन पुण्यात आलेल्या पालकांना आम्ही मुद्दाम पुढच्या रांगांत बसवलं आहे. सकाळी लंगडणारं मूल दुपारी खेळायला लागतं, हे सर्वांत आधी तेच पाहतात. दवाखान्यात बहुधा उत्तर मिळतं, 'वाढीचं दुखणं आहे, जाईल.' वाढीच्या दुखण्यात पाय रात्री ठणकतात; सांधा सुजत नाही, सकाळी आखडत नाही. सोळा वर्षांच्या आतल्या मुलाचा सांधा सहा आठवडे सुजलेला राहिला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर तो संधिवात आहे.

मूळ कारण अजून उमगलेलं नाही, पण बिघाड कुठे आहे ते कळलं आहे. शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावरच उलटते. पूर्वी स्टिरॉइडवर भिस्त होती. सूज उतरायची, पण मुलांची उंची खुंटायची. पुढे आठवड्यातून एकदाच घ्यायचं मेथोट्रेक्सेट आलं. १९९९ मध्ये अमेरिकेत एटानर्सेप्टला मुलांसाठी मान्यता मिळाली. या औषधाने टीएनएफ हा दाह भडकवणारा एकच रेणू अडवला, की आखडलेली बोटं पुन्हा पेन्सिल धरू शकतात. रोज चढणारा ताप आणि पुरळ घेऊन येणाऱ्या प्रकारासाठी जपानने २००८ मध्ये टोसिलिझुमॅबला मान्यता दिली.

आपल्याकडे एक खबरदारी जिवाच्या मोलाची आहे. क्षयाचे जंतू शरीरात वर्षानुवर्षं कोंडून ठेवण्यात याच टीएनएफचा मोठा वाटा असतो. त्यामुळे तो अडवणारं इंजेक्शन देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची चाचणी झालीच पाहिजे. खर्चाच्या किंवा घाईच्या नावाखाली ती गाळणं मला मान्य नाही.

दुसरा आग्रह डोळ्यांचा. या मुलांच्या डोळ्यांत दाह होतो तो पुष्कळदा न दुखता, डोळा लाल न होता. आणि नजर जाते. मूल तक्रार करत नाही, म्हणून डोळे ठीक आहेत असं समजू नका. नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट-लॅम्पखाली ठरावीक अंतराने तपासणी करून घ्या.

दुपारच्या सत्रात पालकांचे प्रश्न आधी घ्यावेत, भाषणं नंतर, अशी सर्व वक्त्यांना माझी विनंती आहे. डोस, लशी, शाळा, पैसे, काहीही विचारा.