अल्टोला सोबत लागते



कॉलेजच्या पारितोषिक वितरणाला प्रमुख पाहुण्यांनी सगळ्यांशी बोलावं अशी रीत आहे. आज मी थोडा पक्षपात करणार आहे. आत्ता ज्यांनी स्वागताचं गीत म्हटलं आणि जे विंगेत, जिन्यावर, मिळेल तिथे उभे राहून ऐकताहेत, त्या क्वायरच्या मुलामुलींशी मी मुख्यतः बोलणार आहे. मीही याच क्वायरची. पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत अल्टोत होते. पुढे बँकेत नोकरी लागली, बदल्यांच्या निमित्तानं निम्मा महाराष्ट्र पाहून झाला आणि आता निवृत्त झाले. तुमच्यातली तिसऱ्या वर्षाची मुलं परीक्षा देऊन काही महिन्यांत इथून निघतील. त्यांना कॉलेजनं नोकरीचं मार्गदर्शन दिलं, मुलाखतीची तयारी करून घेतली. त्यांच्या गाण्याचं पुढे काय होणार, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ते सांगायला मी आले आहे.

गाणं सुटतं. बहुतेकांचं सुटतं आणि पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच सुटतं. आवाज जातो म्हणून सुटत असेल असं लोकांना वाटतं, पण बाविसाव्या वर्षी कुणाचा आवाज जात नाही. सुटते ती सोबत.

ही गोष्ट एकट्यानं गाणाऱ्याला लवकर कळणार नाही. ज्याला भावगीत येतं, तो नोकरीच्या गावी भाड्याच्या खोलीत बसूनही ते म्हणू शकतो. शेजारच्यांनाही ते गाणं म्हणून ओळखू येतं. पण अल्टोची मुलगी एकटी काय म्हणणार? तिला येते ती मधली ओळ. चाल सोप्रानोकडे, पाया बेसकडे, आणि अल्टो बऱ्याचदा तीनचार स्वरांतच फिरत राहते. ती ओळ सुटी म्हणून बघा. ऐकणाऱ्याला गाणं कोणतं हेही कळणार नाही. तीन वर्षं जीव ओतून शिकलेली गोष्ट उरलेले तीन आवाज नसले की गाणंच राहत नाही. चार आवाजांत गायला शिकलेल्या माणसाला आयुष्यभर माणसं शोधावी लागतात. हे आधी कळलं तर शोध लवकर सुरू होतो. म्हणून आज सांगते आहे.

आपल्या नगरच्या मुलांजवळ एक जास्तीची शिदोरी आहे, तिची जाणीव तुम्हाला असायला हवी. अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 साली या शहरात सुरू झालं. मिशनऱ्यांनी आपल्याबरोबर चार आवाजांची गीतं आणि त्यांचे बंध आणले. ती गीतं मराठीत आली खरी, पण शब्द मराठी आणि चाल विलायती अशी ओढाताण त्यात होती. मात्रा चालीत बसवायला शब्द मोडावे लागत. मग कृष्णराव रत्नोजी सांगळ्यांसारखी माणसं उभी राहिली. त्यांनी ख्रिस्ती कथा कीर्तनात आणली. वीणा, टाळ आणि मृदंग उपासनेत आणले. पुढे 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन नारायण वामन टिळक नगरला आले. त्यांनी अभंग लिहिले, पदं लिहिली, आणि मराठी ख्रिस्ती माणूस आपल्याच बोलीत आपल्या देवाशी बोलू लागला. या शहरातल्या त्यांच्या घरात बालकवी येऊन राहिले होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त त्या घराची धावपळ वाचली नसेल, तर सुट्टीत वाचा. ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक उघडलंत तर दोन्ही प्रवाह एकाच पुस्तकात भेटतात. इकडे पाश्चात्त्य बंधांवरची गीतं, तिकडे आपल्या चालींतली भजनं.

हे तुम्हाला परीक्षेसाठी सांगत नाही. याचा उपयोग मला नोकरीत झाला. माझी पहिली बदली तालुक्याच्या गावी झाली. तिथली चर्चची मंडळी लहान, रविवारी तीसचाळीस माणसं. ऑर्गन नाही, टेनर नाही, बेस नाही. एक पेटी, एक ढोलकी आणि मन लावून गाणाऱ्या बायका. चार आवाजांचं गाणं तिथे उभं राहणं शक्य नव्हतं. पण भजन होतं. एकानं ओळ सांगायची, सगळ्यांनी मागून धरायची, टाळ्या धरायच्या, लय वाढवायची. तिथे तालीम नाही, सूर जमला की नाही म्हणून कुणी थांबवत नाही. कॉलेजात असताना आमच्यातल्या काहींना चार आवाजांचं गाणं वरचं आणि भजन साधं वाटायचं. तुमच्यातही कुणाला तसं वाटत असेल, तर तो समज इथेच सोडून जा. सांगळे आणि टिळक यांनी जे उभं केलं, त्यामुळेच तुमचं गाणं लहान गावात जिवंत राहणार आहे. पेटीवर चार गीतं वाजवायला शिका, साधा केरवा धरायला शिका. तेवढ्या भांडवलावर कोणत्याही गावात तुम्ही उपाशी राहणार नाही.

मोठ्या गावात अडचण वेगळी. 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या. कागदावर एक झाल्या, पण प्रत्येकीनं आपापल्या चाली जपल्या. बदलीच्या गावी पहिल्या रविवारी ओळखीचं गीत जाहीर झालं, मी आनंदानं पुस्तक उघडलं, आणि चाल निघाली भलतीच. असं अनेकदा झालं. अशा वेळी ‘आमच्याकडे असं म्हणत नाहीत’ हे वाक्य तोंडावर येतं. ते गिळा. त्यांची चाल शिका. वर्षभरानं तुमची चालही ते आवडीनं ऐकतील.

आपल्या क्वायरमधून निघालेल्या कितीतरी मुली परिचारिका होतात. इथल्या बूथ हॉस्पिटलात, मिरजेच्या वानलेसमध्ये, पुण्या-मुंबईत, आखातात. त्यांचं कौतुक सगळे करतात, पण त्यांच्या रविवारचा विचार कुणी करत नाही. शिफ्ट ड्यूटीत रविवार हा वारच नसतो. नाइट करून आलेली मुलगी नऊच्या उपासनेत अल्टो गाईल अशी अपेक्षा धरायची आणि ती आली नाही की नाव यादीतून काढायचं, हा अन्याय आहे. क्वायर चालवणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, अशा मुलींसाठी नियम सैल करा. महिन्यातून एकदा येईल, तर एकदा येऊ द्या. मिशनच्या हॉस्पिटलांत नाताळच्या पहाटे वॉर्डावॉर्डातून गात जातात. डोळ्यांत झोप असलेल्या सिस्टर्सच त्यात पुढे असतात. खाटेवरच्या पेशंटला तेव्हा त्या आवाजाचं जे मोल असतं, ते कुठल्या स्पर्धेच्या ढालीला नाही.

आता जे बोलणार आहे ते जरा जड आहे, पण ते बोलायलाच हवं. मुलांपेक्षा मुलींचं गाणं लवकर संपतं आणि ते लग्नात संपतं. मुलगी सासरच्या मंडळीत जाते. तिथे क्वायर असली तरी सरावाची वेळ संध्याकाळी सातची. त्याच वेळी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं. नवरा टेनर असेल तर तो सरावाला जातो आणि अल्टो घरी पोळ्या लाटते. दोघं एकाच क्वायरमध्ये भेटलेली असतात, हे विशेष. विंगेत उभ्या असलेल्या मुलांनो, तुमच्यातल्या काहींच्या जोड्या जमल्या आहेत हे तुमच्या सरांनाही ठाऊक आहे आणि मलाही दिसतंय. लग्नाच्या आधी एवढं एक ठरवा की सरावाच्या दिवशी स्वयंपाक कोण करणार. सासवा इथे बसल्या असतील तर त्यांनाही सांगते, सून आठवड्यातून एक संध्याकाळ गाऊन आली तर ती घरात हसत शिरते. ते हसू घराच्या उपयोगाचं आहे.

आपल्या क्वायरमध्ये सगळी मुलं ख्रिस्ती नसतात. माझ्या वेळीही नव्हती, आजही नाहीत. बेसमधला एक मित्र वारकरी घरातला होता. आषाढीला वारीत आणि नाताळला आमच्याबरोबर कॅरल राऊंडला, दोन्हीकडे त्याच आवाजात. कॉलेज सुटल्यावर ख्रिस्ती मुलाला निदान चर्चचं दार तरी माहीत असतं. या मित्रांनी कुठे जायचं? त्यांना चार आवाजांची गोडी लावली आम्ही आणि मग त्यांना वाऱ्यावर सोडलं. तो मित्र आता गावच्या भजनी मंडळात पखवाजाजवळ बसतो आणि छान गातो. पण भेटला की विचारतो, नाताळची प्रॅक्टिस कधी? मंडळीच्या पाळकांना माझी विनंती आहे, सरावाची संध्याकाळ अशा सगळ्यांसाठी उघडी ठेवा. गाण्यासाठी आलेल्या माणसाला धर्म विचारू नका, आवाज विचारा. टेनर आहे म्हणाला तर खुर्ची द्या, कारण टेनर सगळीकडेच कमी आहेत.

पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांसाठी शोध सोपा आहे. पुण्यात ईशान्येकडची मुलं शिकायला, नोकरीला येतात. मिझोराममध्ये गीतांची पुस्तकंच सोल्फात, म्हणजे डो-रे-मीच्या अक्षरलिपीत, छापलेली असतात, त्यामुळे चार आवाज त्यांच्या अंगवळणी पडलेले असतात. त्यांच्या शेजारी उभं राहून गाऊन बघा, वर्षभरात सूर पक्का होईल. मुंबईत व्हिक्टर परंज्योतींनी उभी केलेली क्वायर त्यांच्या पश्चात कूमी वाडिया यांनी कितीतरी दशकं चालवली. हौसेनं गाणाऱ्या माणसांची क्वायर परदेशांत नाव काढून आली, ती नियमित तालमीच्या बळावर. आणि दुबईला जाणाऱ्यांनो, तिथे 2021 अखेरपर्यंत सुट्टी शुक्रवारची होती, म्हणून मुख्य उपासनाही शुक्रवारी होत. एकाच आवारात दिवसभर वेगवेगळ्या भाषांच्या मंडळ्या पाळीपाळीनं गात. वार बदलला तर बदलू द्या, पण पहिल्या महिन्यातच जा. ‘सेटल झाल्यावर जाऊ’ म्हणणारी माणसं जात नाहीत. हे मी फार जवळून पाहिलं आहे.

आमच्या वेळची क्वायर आता कुठे भेटते, हे सांगते. स्नेहमेळाव्याला फार थोडे येतात. आम्ही भेटतो एकमेकांच्या आईवडिलांच्या अंत्यविधीला. निरोप येतो आणि जो जिथे असेल तिथून निघतो. कबरस्थानात पेटी नसते, पुस्तकं पुरेशी नसतात, वारा असतो. कुणीतरी सुरुवात करतं, आणि वर्षानुवर्षं न म्हटलेली मधली ओळ आपोआप तोंडात येते, कारण बाकीच्या तीन ओळी शेजारी असतात. माझ्या वडिलांच्या वेळी मला गाता आलं नाही. पण माझी ओळ कुणीतरी धरली होती. मागे वळून पाहिलं तर आमच्याच अल्टोतली मैत्रीण होती, लातूरहून रात्रीच्या एसटीनं आलेली. त्या दिवशी पाळकांनी काय सांगितलं ते मला आठवत नाही. तिचा आवाज आठवतो.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत आणि त्या मी सर्वांसमोर करते, म्हणजे नंतर मागे घेता येणार नाहीत. प्राचार्य साहेब, कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची नोंद वर्षानुसार आणि विषयानुसार आहे. क्वायरच्या माजी सदस्यांची नोंद गाव आणि आवाज यांनुसार करावी. सोलापूरला बदली झालेल्या सोप्रानोला तिथला टेनर कोण आहे हे एका फोनवर कळलं पाहिजे. ही यादी मी स्वतः बसून करीन. निवृत्तीनंतर वेळ आहे आणि खातेवह्या लिहिण्याची सवय आहे. दुसरं, डिसेंबरमधले नाताळच्या सरावाचे शनिवार माजी सदस्यांसाठी खुले ठेवावेत. त्यांना मंचावर जागा नको. मागच्या बाकावर बसून गाऊ द्या.

पारितोषिक वितरण व्हायचं आहे, पालकांना शेवटची एसटी गाठायची आहे, तेव्हा मी थांबते. विंगेतल्या मुलांनो, बक्षिसं झाल्यावर लगेच पांगू नका. मी वही आणली आहे. नाव, आवाज, आणि जूननंतर कोणत्या गावी जाणार, एवढं लिहून द्या. गाव ठरलं नसेल तर आईचा फोन नंबर द्या, मी विचारत राहीन.