कतब्यावरचं नाव
(सेमाडोह येथील युवा शिबिरातील भाषण)



मेळघाटात कोरकूंचे ‘मुंडा’ काहींनी पाहिले असतील. सागाच्या फळीवर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरायचे आणि गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी ती उभी करायची. लाकूडच ते, पावसात कुजणारच. आपल्याकडे तर दगड आहे!

घाट उतरला की परतवाडा, आणि त्याला लागून अचलपूर, इमादशाहीची जुनी राजधानी. अशा जुन्या गावांत खानदानी कब्रस्तानं असतात. वारस हैदराबादला, मुंबईला, कुणी कराचीला गेलेले. कब्रींवर रायमुनिया माजलेला.

काही जण विचारतात, कब्र पक्की करायला मनाई आहे, मग जपायची कशाला? प्रश्न रास्त आहे. कब्रीला गिलावा करू नये, वर बांधकाम करू नये, अशी हदीस आहेच. पण उस्मान बिन मज़ऊन यांच्या कब्रीपाशी ओळखीसाठी पैगंबरांनी स्वतः दगड ठेवला, हेही अबू दाऊदमध्ये आहे. खूण राखणं वेगळं, सजावट वेगळी.

गंमत म्हणजे दगडाचंही तेच म्हणणं आहे. सिमेंट ओल आत कोंडतं, क्षार वर येतात, पापुद्रे सुटतात आणि अक्षरं त्यांच्यासोबत जातात. ऑइलपेंटचंही तसंच. याला आपण मरम्मत म्हणतो!

म्हणून आधी फोटो काढा. सकाळच्या तिरप्या उन्हात किंवा रात्री बाजूने टॉर्च धरला की पुसट अक्षरं उठून दिसतात. मग साधं पाणी आणि मऊ ब्रश. ॲसिड नको, तारेची घासणी नको. पापुद्रे सुटत असतील तर हातच लावू नका. तुटलेला तुकडा जागचा हलवू नका.

मजकूर बहुधा फारसीत असतो. कधी साल आकड्यांत नसतं, अब्जदने काढावं लागतं : अलिफ १, बे २, जीम ३. वाचता आलं नाही तर पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपुरातच आहे.

काही जुन्या कब्रींवर पुरुषासाठी कलमदान, बाईसाठी सपाट तख्ती कोरलेली असते. बाईचं नाव सातबाऱ्यावर क्वचित, शजऱ्यात तर बहुतेक नाहीच. ते कतब्यावर असेल तर कदाचित तेवढंच उरलेलं असतं. म्हणून वाचायला मुलीही आल्या पाहिजेत. मुतवल्लींशी मी वाद घालायला तयार आहे.

जमीन वक्फ बोर्डाकडे नोंदलेली आहे का, तेही बघा. नोंद नसेल तर कतबाही पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतो. जेवणानंतर वही घेऊन बसू. कुणाच्या गावात काय आहे, ते आधी लिहून काढू.