पत्र्याच्या डब्यातला चेक

(गेल्या वर्षी गणेशोत्सवात मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला कार्यवाहांनी सांगितलं, "तुम्ही चौतीस वर्षं बँकेत काढलीत, तर काहीतरी उपयोगाचं बोला." आरतीला अजून पाऊण तास आहे आणि प्रसादाचा वास इथपर्यंत येतोय, तेव्हा लांबण लावत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी माळ्यावर गळायला लागलं. सामान खाली काढताना वडिलांचा पत्र्याचा डबा निघाला. त्यात जुन्या पावत्या, शाळेची पेन्शनची कागदं, आणि एका लिफाफ्यात चेक. १९९१ सालचा, ₹४,००० चा, वडिलांच्या नावाचा. सही माझ्या देवासच्या काकांची. चेक बँकेत टाकलेलाच नव्हता.

त्या चेकचं काय झालं ते मी शेवटी सांगतो. आधी, तुमच्याकडे असा कागद निघाला तर काय करायचं ते.

पहिलं म्हणजे फाडू नका. "जुना झाला, रद्दी" म्हणून आपण टाकून देतो, आणि नेमकं त्यावरच फोलिओ नंबर, खाते क्रमांक, शाखा हे सगळं छापलेलं असतं. दुसरं, त्याच्यावर काही लिहू नका. तारीख खोडून नवी घालण्याचा मोह होतो. माझ्या काउंटरवर एक सद्गृहस्थ तसा चेक घेऊन आले होते, १ चा ७ केलेला. चेकमध्ये असा फेरफार केला तर तो चेक कायद्यानं बाद होतो, आणि तुमच्यावर बालंट येतं ते वेगळंच. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि मूळ कागद जपून ठेवा.

आता मुदत. १ एप्रिल २०१२ पासून चेक, ड्राफ्ट, पे-ऑर्डर तारखेपासून तीनच महिने चालतात. त्याआधी सहा महिने होते, आणि आपल्या पिढीच्या डोक्यात अजून सहाच बसलेत. मुदत गेलेला चेक बँक घेणार नाही, मॅनेजर ओळखीचा असला तरी. पण एक लक्षात घ्या, चेक मेला म्हणजे देणं मेलं असं नाही. देणाऱ्याकडे जाऊन नवा चेक मागता येतो. कोर्टात वसुलीचा दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती गेली असेल तर जबरदस्ती करता येत नाही, पण समोरच्यानं आपणहून दिलं तर ते घ्यायला काहीच अडचण नाही.

ज्यांच्या नावाचा चेक आहे ते हयात नसतील तर तो मुलाच्या खात्यात जमा होत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदं देऊन वारसाच्या नावानं नवा मागावा लागतो. ड्राफ्ट असेल तर ज्या बँकेनं काढला तिच्याकडे जायचं, कारण त्याचे पैसे बँकेनं आधीच घेतलेले असतात.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते डिव्हिडंड वॉरंटकडे. ऐंशी-नव्वदच्या दशकात आपल्यातल्या पुष्कळ नोकरदारांनी दहा-वीस शेअर घेतले. वॉरंट यायचं छत्तीस रुपयांचं, बहात्तर रुपयांचं. कोण बँकेत जाणार? ते गीतेच्या पुस्तकात खूण म्हणून राहायचं. आता नियम असा आहे की सात वर्षं न घेतलेला लाभांश सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जातो, त्याला आयईपीएफ म्हणतात. आणि सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर मूळ शेअरसुद्धा तिकडे जातात. म्हणजे छत्तीस रुपयांचा कागद हातात आला तर छत्तीस रुपये बघू नका, त्याच्यामागचे शेअर बघा. त्यांना पुढे बोनस मिळाला असेल, ते वाढले असतील. आधी कंपनीला किंवा तिच्या रजिस्ट्रारला फोलिओ नंबर देऊन लिहायचं, त्यांच्याकडून हक्काचं पत्र घ्यायचं, मग आयईपीएफ-५ हा फॉर्म ऑनलाइन भरून कागदं कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायची. डीमॅट खातं लागतं. वेळ लागतो, चिडचिड होते, पण मिळतात. "पंधरा टक्के द्या, काढून देतो" म्हणणारे फोन येतील. फॉर्मला सरकारी फी नाही, एवढं ध्यानात ठेवा आणि घरातल्या नातवाला बसवा.

आता देवासचा चेक.

काकांनी १९८८ मध्ये छापखान्याचं यंत्र घ्यायला वडिलांकडून ₹४,००० नेले होते. तेव्हा ती रक्कम मास्तरांच्या घरात लहान नव्हती. आमच्याकडे पुढची पस्तीस वर्षं एकच वाक्य होतं, "देवासकरांनी पैसे बुडवले." आईनं त्यांच्याकडचं जाणंयेणं जवळजवळ सोडलं. माझ्या लग्नात काका मांडवाच्या कडेला बसून जेवून गेले. वडील कधी एक शब्द बोलले नाहीत. आणि चेक तर डब्यात होता. काकांनी तीन वर्षांत पैसे परत पाठवले होते. वडिलांनी ते घ्यायचे नाहीत असं ठरवलं आणि आईला सांगायचं धाडस केलं नाही, एवढाच अर्थ मला लागतो.

आता ना वडील आहेत, ना काका. या चेकचे पैसे मागायचा प्रश्नच नव्हता. मी तो घेऊन देवासला काकूंकडे गेलो. काकू शहाऐंशीच्या. त्यांनी चष्मा लावून सही पाहिली आणि म्हणाल्या, "भाऊजींनी टाकला नाही हे आम्हाला ठाऊक होतं रे. हे दर महिन्याला पासबुक भरून आणायचे. म्हणायचे, दादा कधीही टाकेल, परत जायला नको. त्या खात्यात चार हजारांच्या खाली त्यांनी कधी जाऊ दिलं नाही."

मी विचारलं, मग ते खातं? काकू म्हणाल्या, ते गेल्यावर तिकडे कुणी फिरकलंच नाही.

बँकेतला माणूस मी, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. दहा वर्षं न हललेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण खातेदाराचा किंवा वारसांचा हक्क जात नाही. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलं. त्यावर नाव, बँक आणि ओळखीचा एखादा तपशील टाकून अशी खाती शोधता येतात. काकांची बँक मधल्या काळात दुसरीत विलीन झालेली, आपली स्टेट बँक ऑफ इंदूर २०१० मध्ये झाली तशी. तेव्हा शोधायचं आताच्या बँकेच्या नावाखाली. खातं सापडलं. नॉमिनी काकू. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बरं का, बाकीच्या वारसांचा हक्क राहतोच, पण इथे दोन्ही चुलत भावांनी लगेच होकार दिला. मृत्यूचा दाखला, आधार, पॅन आणि अर्ज, बस. बँकेनं पैसे व्याजासकट दिले.

अर्जावर सही करायला मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद ठेवले. सही करून काकू म्हणाल्या, "वहिनींना सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. तिथूनच फोन लावून दिला. आईला चेकचं सांगितल्यावर पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तिनं विचारलं, "गुडघ्यांचं काय म्हणतेस?" पुढे पाऊण तास दोघी बोलत होत्या. यंदाच्या गौरींना काकू आमच्याकडे आल्या आहेत, आणि आत्ता तिसऱ्या रांगेत आईच्या शेजारी बसल्या आहेत.