लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग आणि डोळे
(चिंचणी येथे दिलेल्या व्याख्यानावरून)



मुलाला अंधुक दिसू लागले की आपण चष्म्याचा नंबर काढतो. डोळा लाल झाला की दुकानातून थेंब आणतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतेही. पण ज्या मुलाचा ताप हटत नाही, रंग पांढराफटक पडतो, हिरड्यांतून रक्त येते, अंगावर निळे-काळे डाग उठतात, त्याच्या डोळ्याची तक्रार निराळी समजावी. आधी रक्त तपासावे.

ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी होतात. म्हणून डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्तस्राव होऊ शकतो. तो पडद्याच्या मध्यभागी नसेल तर मुलाला फळा स्वच्छ दिसतो! तेव्हा तक्रार नसली तरी बाहुली मोठी करणारे थेंब घालून नेत्रतज्ज्ञाकडून पडदा पाहून घ्यावा. काही ल्युकेमियांत आणि लिम्फोमात, म्हणजे लसिका-ग्रंथींच्या कर्करोगात, डोळ्यामागे गाठ होऊन डोळाच पुढे येतो. अशा वेळी दृष्ट काढत बसू नये.

खरा धोका पुढे आहे. शिरेतून दिलेले औषध अंगभर फिरते, पण मेंदूत आणि डोळ्यात ते पुरेसे पोचत नाही. तिथल्या रक्तवाहिन्यांची भिंत घट्ट असते. म्हणून पाठीच्या मणक्यात सुई देतात. ‘पाठीतले पाणी काढले की मूल लुळे पडते’ या गावगप्पेपायी ती सुई टाळू नका. मेंदूभोवतीचे पाणी डोळ्याच्या शिरेभोवतीही असते. तिथे दडलेल्या पेशी काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, पुन्हा वाढतात. रक्ताचा रिपोर्ट चांगला असतानाही एका डोळ्याने अचानक कमी दिसणे ही आजार उलटल्याची पहिली खूण असू शकते. त्याच दिवशी निघावे. थोड्या दिवसांतही दृष्टी कायमची जाऊ शकते.

आपल्याकडून निघायचे म्हणजे वाणगावला गाडी धरायची, दादरला उतरायचे, मग 1941 साली सुरू झालेले परळचे टाटा हॉस्पिटल. उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. पहिल्या एक-दोन महिन्यांत मूल खेळू लागते, रोजगार बुडत असतो, आणि आईबापांना वाटते, झाले बरे! त्यांना मी दोष देणार नाही. पण औषध तिथे सोडले तर आजार परततो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. राहण्यासाठी सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे 2006 पासून मूल आणि पालकांची विनामूल्य सोय करतात. टाटामधल्या समाजसेवा विभागात न लाजता विचारावे.

विद्यार्थी मित्रांनो, असा उपचार घेऊन वर्गात परतलेला सोबती वही डोळ्याजवळ नेऊ लागला, एकाचे दोन दिसतात म्हणाला, तर त्याच्या घरी त्याच संध्याकाळी जाऊन सांगा.